वाडा, ट्रॅक्टर आणि वहिनी

नाटककार महेश एलकुंचवारांच्या पुरस्कारांची चर्चा होते, त्यात माझी थोडी भर. २००२ सालचे साहित्य अकादमी आणि सरस्वती सन्मान हे दोन्ही ‘युगान्त’साठी मिळाले, हे खरंच. पण या नाटकाची मुळं ‘वाडा चिरेबंदी’त आहेत (‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही एकाच घराण्याची नाट्यत्रयी), आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत भक्कम काम तेच.

सुरुवात एकांकिकांपासून झाली. ‘सुलतान’ १९६७ मध्ये ‘सत्यकथा’ मासिकात आली, दिग्दर्शिका विजया मेहतांच्या नजरेत भरली. पुढे १९८५ मध्ये ‘वाडा’ही बाईंनीच बसवलं. एलकुंचवार तेव्हा नागपुरात इंग्रजी शिकवत होते.

त्यातला गंजलेला ट्रॅक्टर आठवतो का? धरणगावच्या देशपांड्यांची सगळी ऐट त्या एका लोखंडी सांगाड्यात दिसते. आणि घरातली थोरली सून, वहिनी, रात्री घराण्याचे दागिने अंगावर घालते, तो प्रसंग! एरवी चुलीपाशी राबणारी ही बाई त्या क्षणी त्या घराची मालकीण वाटते. संवाद अगदी मोजके, तरी अंगावर येतं.

दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ मध्ये या त्रयीचे तिन्ही भाग सलग केले होते, जवळपास नऊ तास. ‘मग्न तळ्याकाठी’ सुटं वाचू नका, ‘वाडा’ आधी वाचा. त्यातले पराग आणि नंदिनी तरच नीट कळतात.