भूकंपात गेलेले गाव आणि नंतर वसलेले गाव: आठवणी कशा लिहाव्यात?

प्रश्न (तेरणाकाठ)

नमस्कार. माझा जन्म धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसन झालेल्या एका गावात झाला. जुने गाव मी पाहिले ते केवळ बाभळींनी वेढलेल्या दगडांच्या ढिगांच्या रूपात. आमच्या घरातील चार माणसे त्या पहाटे गेली. त्यांपैकी एकाचेही छायाचित्र आमच्याकडे नाही. आता गावातील काही मंडळींनी मिळून एक स्मरणिका काढायचे ठरवले असून घराघरांतील आठवणी ऐकून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

अडचण अशी की, लिहायला बसले की मजकूर दोनच वाटांनी जातो. एक तर निसर्गाचा कोप, आक्रोश, ढिगारे. नाही तर राखेतून उभ्या राहिलेल्या जिद्दीच्या गावाची कहाणी. माझी आजी या दोन्हींत कुठेच दिसत नाही. ती जुन्या गावातील विहिरीबद्दल, पिठाच्या गिरणीबद्दल, तिथल्या पंगतींबद्दल भरभरून बोलते; पण त्या रात्रीचा विषय निघाला की उठून आत जाते. तिला बोलते करावे की तो विषय तसाच सोडून द्यावा? आणि 'गाव सावरले' असे लिहायचे झाल्यास ते नेमके कोणत्या दिवसापासून लिहायचे? मी स्वतः ते काही भोगलेले नाही, त्यामुळे हे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, हाही प्रश्न मनात आहेच.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षक, औसा)

लेखनाची सुरुवात त्या रात्रीपासून करू नका, घरापासून करा, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या भागातील माळवदाचे घर कसे होते हे आज पंचविशीतल्या मुलांना ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसेल तर इतकी माणसे का गेली हेही कळत नाही. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, त्यांत चुना किंवा सिमेंट नव्हे तर माती; बाहेरचा आणि आतला दगड वेगवेगळा रचलेला, मधल्या पोकळीत चिपा आणि मातीची भर, आणि दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आडवा दगड क्वचितच. वर तुळया, फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्या थरावर वरचेवर नवी माती पडत असे. उन्हाळ्यात घराला गारवा देणारे हेच छत पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झोपलेल्या माणसांवर आले. भूकंपाची तीव्रता सुमारे 6.2 होती. याहून मोठे भूकंप जगात कितीतरी झाले, पण इथे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते आणि वर ही अशी घरे होती. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांवर होता, त्यांतील काहींच्या भिंती ढासळूनही छत जागेवर राहिले, हेही नोंदवण्याजोगे आहे. नुसता 'निसर्गाचा कोप' लिहिल्याने हे सारे झाकले जाते.

1992 च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात धक्के बसत होते, ही गोष्टही वगळू नका. त्या काळात लोक घाबरून घराबाहेर झोपत होते. धक्के कमी झाले तसे ते घरात परतले, कारण शेतीची कामे, गुरे आणि धान्य सोडून माणूस किती काळ उघड्यावर राहणार? 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, गावोगावी गणपती विसर्जनाच्या मिरवणुका झाल्या आणि दमलेली माणसे उशिरा घरी येऊन झोपली. म्हणूनच आपल्याकडची जुनी माणसे तारीख सांगत नाहीत, 'गणपती बुडवले ती रात्र' असे सांगतात. आजींना ती रात्र वर्षातून दोनदा गाठते, एकदा तारखेने आणि एकदा तिथीने, आणि लगेच मागोमाग पितृपक्ष येतो. त्या दिवसांत त्यांना काहीही विचारू नये.

माझ्या अनुभवाची एक रीत सांगतो. गावातील एका वृद्ध बाईंना मी त्या रात्रीबद्दल काहीच विचारले नाही. जुन्या घरात कुठे काय होते तेवढे दाखवा, असे म्हटले. त्यांनी अंगणातील मातीत काडीने रेघा ओढायला सुरुवात केली: ही ढेलज, इथे बैल बांधायचो, हे देवघर, ही जात्याची जागा, हे धान्याचे बळद. एका खोलीपाशी काडी थांबली आणि 'इथे धाकटी निजायची' एवढेच त्या म्हणाल्या. पुढे विचारण्यासारखे काही उरले नव्हते आणि मी विचारलेही नाही. माझ्या टिपणात त्या घराचा आराखडा आहे आणि ते एक वाक्य आहे. त्याला मी एकही विशेषण जोडलेले नाही.

प्रतिसाद (संवाद)

सावरण्याचा दिवस कोणता, या प्रश्नावर लिहिते. माझी आई संवाद सहायक होती. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, परंतु पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते, तिथे शासन आणि गावकरी यांच्यातील दुवा म्हणून या स्त्रिया नेमल्या होत्या. कोणत्या टप्प्याला किती रक्कम मिळते, कोपऱ्यातील दगड कसे बसवायचे, हे त्या घरोघरी समजावून सांगत. पूर्वी घरबांधणीच्या बैठकीत बाई दाराआड उभी असायची. त्या कामामुळे ती पुढे येऊन बसली, हे मला त्या काळातील सर्वांत टिकाऊ बांधकाम वाटते. 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या काही स्त्रिया तिकडच्या स्त्रियांना आधार द्यायला आणि आपला अनुभव सांगायला गेल्या होत्या.

तुमच्यासारख्या पूर्ण स्थलांतरित गावांची गोष्ट वेगळी आहे. अशी गावे 52. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1994 पासून राबवलेल्या कार्यक्रमात घरांचे आकार जमिनीच्या मालकीवर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना 450, मोठ्या जमीनधारकांना 750. बऱ्याच ठिकाणी एका आकाराची घरे एका बाजूला बांधली गेली. परिणामी ज्या दोन घरांची भिंत पिढ्यान्‌पिढ्या सामाईक होती, ती गावाच्या दोन टोकांना गेली. जुन्या गावात ओसरीवरून हाक मारली की ऐकू जाणारे माणूस आता रुंद, सरळ रस्ते ओलांडून पलीकडे राहते. घर मिळाले आणि शेजार गेला, हे लिहिल्यावाचून तुमची स्मरणिका पूर्ण होणार नाही. हे लिहिताना कृतघ्नपणा होईल अशी भीती बाळगू नका. ज्यांनी मदत केली त्यांचे ऋण मानूनही हे म्हणता येते.

घराचा ताबा मिळाला तो दिवस सावरण्याचा मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कित्येक कुटुंबे पक्के घर मिळाल्यावरही स्लॅबखाली झोपायला तयार नव्हती. सामान आत आणि माणसे बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये, असे बराच काळ चालले. तेव्हा प्रत्येक घरात असे विचारा: स्लॅबखाली पहिल्यांदा निर्धास्त झोप कधी लागली? घरातले पहिले लग्न कधी झाले? नव्या गावातील पहिली जत्रा कोणी भरवली? ज्यांची बायकामुले गेली त्यांच्यापैकी अनेकांनी वर्ष-दोन वर्षांत पुन्हा संसार मांडले. त्या दुसऱ्या संसारात आलेल्या स्त्रियांना कोणीच काही विचारत नाही. कधीही न पाहिलेल्या माणसांचे फोटो भिंतीवर असलेल्या घरात त्या नांदायला आल्या. त्यांचे म्हणणे जरूर घ्या.

प्रतिसाद (वाघोलीचा विद्यार्थी)

भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, त्यांच्यापैकी मी एक. शिकलो, नोकरीला लागलो आणि त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. तरी गुरुजींच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत नाही. घराचा आराखडा काढायला लावणे ही सौम्य रीत दिसते, परंतु माणूस बेसावध असताना त्याला त्या खोलीच्या दारापर्यंत नेणे हेच त्यात घडते. लहानपणी दर सप्टेंबरला कोणी ना कोणी कॅमेरा घेऊन येई आणि 'आईची आठवण येते का' असे विचारी. मी रडलो की त्यांचे काम होई. पाहुणे गेले की पुढचे काही दिवस माझे अभ्यासात लक्ष लागत नसे, आणि ते कोणी विचारायला येत नसे.

तुमची आजी उठून आत जाते, हे तिचे उत्तरच आहे. ते तसेच लिहा, आणि तिला विचारून लिहा. ज्यांच्याकडून ऐकाल त्यांना लिहिलेला मजकूर छापण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा, आणि 'हे काढा' असे ते म्हणाले तर कारण न विचारता काढा. अधिकाराबद्दल म्हणाल, तर जुने गाव न पाहिलेल्या पिढीचेही काही गेलेले आहे. ते तुम्ही स्वतःच्या नावाने, प्रथमपुरुषी लिहू शकता. आजीच्या वतीने मात्र लिहू नका.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षक, औसा)

आपले म्हणणे मान्य आहे. आराखड्याचे काम घरातील माणूस जवळ असताना, आणि आजींनी स्वतः घराचा विषय काढला तरच करावे, एवढी पुस्ती मी माझ्या सूचनेला जोडतो.

प्रतिसाद (दप्तर)

थोडे कागदपत्रांविषयी. छायाचित्रे नसली तरी माणसांच्या खुणा सरकारी दप्तरात सापडतात. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये गावातील घरांची, त्यांच्या मालकांची आणि मोजमापांची नोंद असते; 1993 पूर्वीचे ते रजिस्टर शिल्लक असेल तर जुने गाव गल्लीनिहाय पुन्हा मांडता येईल. जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि शाळेत दाखल झाल्याचा दिवस मिळतो. भजनी मंडळाच्या आणि गणेश मंडळाच्या वर्गणीच्या वह्या कोणाच्या पेटीत असतील तर त्याही पाहा. मृतांचे एकूण आकडे निरनिराळ्या अहवालांत वेगवेगळे आहेत, साधारण आठ ते दहा हजारांच्या दरम्यान. त्या वादात स्मरणिकेने पडू नये. तुमच्या गावापुरती यादी मात्र घराघरांतून पडताळून, संपूर्ण नावांनिशी छापा. 'अमुकची पत्नी' किंवा 'तान्हे मूल' एवढीच नोंद असेल तिथे त्या बाईचे, त्या मुलाचे नाव शोधण्यासाठी वेळ द्या. माहेरच्या गावी बहुधा ते सापडते.

प्रश्नकर्ती (तेरणाकाठ)

सर्वांचे मनापासून आभार. पितृपक्ष संपेपर्यंत मी कोणाकडेही जाणार नाही. तोवर शाळेचे रजिस्टर पाहण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडे मागते आणि ग्रामसेवकांना जुन्या नमुना 8 बद्दल विचारते. दुसऱ्या संसारात आलेल्या स्त्रियांचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. माझी थोरली काकू त्यांच्यापैकीच आहे, आणि इतकी वर्षे ती दर पितृपक्षात काकांच्या भूकंपात गेलेल्या पहिल्या पत्नीसाठी पान वाढते. पहिली भेट तिची घ्यावी असे वाटते. एक शंका उरते: ज्या घरातील एकही माणूस वाचले नाही आणि ज्यांचे नातलग गावात नाहीत, त्यांच्याविषयी लिहायचे झाल्यास परवानगी कोणाची घ्यावी?

प्रतिसाद (वाघोलीचा विद्यार्थी)

अशा घरांची नावे आणि त्यांचा व्यवसाय एवढेच लिहावे, असे मला वाटते. शेजाऱ्यांनी त्यांच्याबद्दल सांगितलेले काही छापायचे असेल, तर ते शेजाऱ्यांच्या नावावर, त्यांच्या शब्दांत छापा. माहेरकडून किंवा मुलींच्या सासरकडून कोणी सापडले, तर आधी त्यांना कळवा.