मदत हवी आहे: मुलगी दिवसभर पाळणाघरात इंग्रजी ऐकणार, घरी फक्त संध्याकाळी मराठी. पुरेल का?

मुलगी वर्षाची व्हायला आली आहे. आत्तापर्यंत सासूबाई दिवसभर तिच्याशी मराठीत बोलायच्या. आता त्या परत जाणार आणि मुलगी पाळणाघरात, जिथे सगळे इंग्रजीच बोलतात. मराठी कानावर पडेल ती सकाळी थोडी आणि आम्ही घरी आल्यावर.

शब्द पुढेही शिकवता येतील, मला काळजी आहे ती उच्चारांची. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा प्रयोग वाचला. त्यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना दोन्हींतला फरक कळत होता, पण दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. हिंदी ऐकत वाढणाऱ्या वर्षभराच्या बाळांना मात्र तो व्यवस्थित कळत होता. माझी मुलगी नेमकी याच वयात आहे. ण आणि ळ तर तिला इंग्रजीत ऐकायलाच मिळणार नाहीत.

फोनवर मराठी गाणी लावून ठेवा, असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी माणसं समोर बसून मँडरिन बोलली, तेव्हा बाळं त्यातले ध्वनी शिकली. तेच व्हिडिओवर किंवा नुसत्या आवाजात ऐकवलं तेव्हा काहीच फरक पडला नाही. व्हिडिओ कॉलचं जरा वेगळं असावं, कारण पलीकडचा माणूस बाळाला प्रतिसाद देतो. दोन-अडीच वर्षांची मुलं त्यावरून नवे शब्द शिकल्याचं वाचलंय. पण एवढ्या लहान बाळाला आजी स्क्रीनवर दिसून कितपत उपयोग होतो?

'दोन भाषांनी गोंधळ होईल, घरीही इंग्रजीच बोला' हा सल्ला कृपया नको. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं म्हणजे गोंधळ नव्हे, इतकं आम्हाला ठाऊक आहे आणि घरात मराठीच राहणार.

ज्यांची मुलं अशीच दिवसभर दुसऱ्या भाषेत वाढली, त्यांनी आणि इथे कोणी स्पीच थेरपिस्ट असतील तर त्यांनी जरूर लिहा. संध्याकाळच्या दोन-तीन तासांत तुम्ही नेमकं काय करायचात? आणि पुढे मूल मराठी समजून उत्तर इंग्रजीत द्यायला लागलं, तेव्हा मराठीतच उत्तर दे असा आग्रह धरलात, की आपण मराठीत बोलत राहिलात? यातलं कशाने मूल बोलतं झालं?