हिप्परग्यावर नोव्हेंबरातच पट्टकदंब? की माझीच नजर फसली?

टॉवेलवाला (९ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. प्रश्न पट्टकदंबाचा, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या पट्टेरी हंसाचा. तो शेवटी आहे, आधी थोडी रामकहाणी. घाई असेल त्यानं सरळ खाली जावं.

मी काही पक्षीवाला नाही. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत तीस वर्षं टॉवेलचे माग चालवले. त्या खडखडाटात डावा कान गेला. त्यामुळं आवाजावरून पक्षी ओळखा म्हणाल तर मी बाद. डोळे मात्र धड आहेत, निदान आज सकाळपर्यंत तसं वाटत होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आगंमागं तीन महिने मुलाकडं होतो, इंग्लंडात किंग्ज लिनला. नॉरफक म्हणून समुद्रकाठचा जिल्हा आहे. सूनबाई तिथं नर्स. दोघं ड्यूटीवर गेली की घरात मी, खिडकी आणि इथून नेलेली शेंगा चटणी. ऑक्टोबरात एका पहाटे डोक्यावरून असला कालवा गेला की माझ्या एका कानालाही ऐकू आला. बाहेर येऊन बघतो तर आभाळभर पक्ष्यांच्या माळा, एकीखाली एक. शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, पिंक-फुटेड गीज, म्हणजे गुलाबी पायांचे हंस. आइसलँड-ग्रीनलंडहून हिवाळ्याला येतात. रात्री वॉशच्या उपसागरात चिखलावर झोपतात आणि उजाडलं की शेतांवर उतरतात. शेतात खायला काय, तर शुगर बीट काढून नेल्यावर मागं पडलेला पाला. मला हसूच आलं. आपल्याकडं ऊस तुटून गेला की वाढ्यांवर जनावरं तुटून पडतात, त्यातलाच प्रकार.

पुढं त्याच म्हाताऱ्यानं मला स्नेटिशमला नेलं. भरती चढली की चिखल बुडतो आणि त्यावर चरणारे नॉट नावाचे पक्षी हजारोंनी एकदम उठतात. ओला टॉवेल दोन हातांत धरून झटकावा तसा तो थवा. एकदा पांढरा दिसतो, एकदा काळा. बघण्यासारखं होतं यात वाद नाही. पण माझ्या डोक्यात राहिली ती तिथल्या लाकडी खोलीतली वही. तारीख, वेळ, पक्षी, किती. येईल त्यानं लिहावं. मागची पानं चाळली तर एका ओळीत नुसतं ‘आज काही नाही, पाऊस’. एवढं लिहायलासुद्धा कुणीतरी पेन उघडलं होतं! आमच्या कारखान्यात मी मरमर करून सांगायचो, बाबांनो, माग बंद राहिला तर तेही रजिस्टरला चढवा. कधी कुणी चढवलं नाही.

परत आल्यावर दुर्बीण घेतली, शंभर पानी वही घेतली आणि दर रविवारी हिप्परग्याच्या तलावावर जायला लागलो. १८७१ सालापासून हे पाणी इथं आहे आणि आमच्या घरात त्याची ओळख काय, तर ‘तुळजापूरला जाताना लागतं ते’.

तर आज सकाळी सव्वासातला पलीकडच्या काठावर ३७ पक्षी होते. बदकापेक्षा मोठे, अंग काळपट, डोकं पांढरट, मान उंच करून उभे. मी लिहिलं, पट्टकदंब ३७. पण घरी येताना वाटलं, हे तर डिसेंबरात येतात म्हणे. यंदा लवकर आले की माझं चुकलं? आणि दुसरं, आपल्या जिल्ह्यात कोण कधी येतं हे ज्यांनी स्वतः बघितलंय त्यांनीच सांगा. ऐकीव नको, ते मोबाईलवर ढीगभर येतं.

माळावरची

काका, आधी एक सांगा. तुम्ही उभे होतात तिथून सूर्य कुठं होता?

विचारायचं कारण असं की उन्हाच्या विरुद्ध बघितलं तर पट्टकदंब आणि चक्रवाक दोन्ही ‘काळपट अंग, पांढरट डोकं’ असेच दिसतात. मी स्वतः दोनदा फसलेय. पट्टकदंबाचं अंग राखाडी, डोकं पांढरं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. गंध लावताना बोटं मागंच फिरली असावीत तसे. चक्रवाक म्हणजे ब्राह्मणी बदक, ते भाजलेल्या विटेच्या रंगाचं असतं. उडालं की पंखावर मोठा पांढरा भाग चमकतो. एकदा उडताना बघा, मग शंकाच राहत नाही.

चक्रवाक मला ऑक्टोबरअखेरपासून दिसतात. पट्टकदंब मात्र डिसेंबर लागल्याशिवाय कधी दिसला नाही. तिबेट, मंगोलिया, लडाखच्या तळ्यांवर त्यांची वीण होते आणि हिमालय ओलांडून ते खाली येतात. आपल्या दक्षिणेला गदग जिल्ह्यात मागडीचा तलाव आहे, तिथं हजारोंनी असतात. खरंच दिसलेच तर गळ्याकडं नीट बघा. मंगोलियात काहींना अक्षरं आणि आकडे लिहिलेला प्लॅस्टिकचा पट्टा घालतात. तो वाचता आला तर पक्षी कुठला ते कळतं.

मी बार्शी रोडच्या एका शाळेत शिकवते. पक्षी सप्ताह चालू आहे म्हणून काल पोरांना नान्नजच्या माळावर नेलं होतं. ५ तारखेला अरण्यावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्ली सरांचा जन्मदिवस, १२ ला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा, म्हणून हा आठवडा. सर आपल्या सोलापूरचेच. जूनमध्ये गेले, त्यामुळं यंदा पोरांना त्यांच्याबद्दल सांगताना ‘होते’ म्हणावं लागलं. जीभ अडखळली.

माळावर सध्या भोवत्या आहेत. हे शिकारी पक्षी कझाकस्तान, रशियाकडून येतात. दिवसभर गवतावरून वीतभर उंचीनं नाकतोडे शोधत फिरतात आणि सूर्य टेकला की एकेक करून येऊन गवतातच जमिनीवर बसतात. झाडावर नाही. काल पोरांनी अकरा मोजले, मी नऊ. पोरांचं बरोबर असणार. चातकाचं विचाराल तर तो उलट्या हंगामाचा. आफ्रिकेकडून पावसाच्या आधी येतो, मला जूनच्या पहिल्या आठवड्यात दिसतो.

आणि माळढोकाचं विचारू नका. १९७९ साली त्याच्यासाठी नान्नजचं अभयारण्य झालं तेव्हा कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, आता बाराशेच्या आसपास आहे. पोरं विचारतात, ‘बाई, माळढोक कुठाय?’ मी भोवत्या दाखवते.

गोफणकर

रामराम. तुम्ही दुर्बिणीनं बघता, आम्ही गोफणीनं.

आमचं मंगळवेढ्याकडं काळं रान. पक्षी म्हटलं की आमच्याकडं एकच, भोरडी. शहरात तिला पळसमैना म्हणतात म्हणे. आमच्या रानावर ती पळसासाठी येत नाही, ज्वारीसाठी येते. पहिला थवा श्रावणात दिसतो. तेव्हा ज्वारीचा पत्ताच नसतो, रानात नाकतोडे असतात, ते टिपते. तेवढे दिवस मी तिला काही बोलत नाही. हुरड्याला दाणा भरला की मात्र आमची सोयरीक तुटली. थवा बसला की ताट वाकतं. चिवचिवाट तर असा की माळ्यावर उभ्या माणसाला खालच्या माणसाचं ऐकू येत नाही. पाच मिनिटांत उठला की कणसाचं नुसतं बोंड उरतं, एका बाजूनं चाटून पुसून साफ. डबा वाजवा, गोफण फिरवा, इकडून उठून तिकडं बसते. पलीकडं भावकीचं रान आहे, तिकडं बसली तर माझी तक्रार नाही.

संध्याकाळी ओढ्याच्या बाभळींवर वस्तीला येतात. बसण्याआधी आभाळात जो खेळ करतात तो मात्र मी पण डबा खाली ठेवून बघतो. टॉवेल झटकल्यासारखं म्हणालात ते पटलं. मार्चला पाठीचा गुलाबी रंग चढतो, डोकं चकचकीत काळं होतं, आणि एप्रिलात एक दिवस बाभळी रिकाम्या.

यंदा सप्टेंबरात पाऊस हटेना. रानाला वापसा नाही, पेर लांबली. भोरड्या आपल्या वेळेवर. त्यांना कुणी कळवलंच नाही.

तळ्याकाठचा

हंस म्हणून बदकं मोजलालाव काय ओ मालक? 😄

गंमत केली. आम्ही सिद्धेश्वर तळ्याच्या बाजूला राहतो. एक नोंद माझी पण घ्या. संक्रांत आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत झाडांना लटकलेल्या नायलॉन मांज्यात बगळे अडकतात. मागच्या जानेवारीत दोन सोडवले, एक वाचला. हंगामी म्हणायचं तर हे पण हंगामीच.

भीमाकाठ

मी केत्तूरचा, करमाळा तालुका. उजनी धरणाचं पाणी आमच्या उंबऱ्याशी.

टॉवेलवाले काका, तुमच्या भरती-ओहोटीवरून सुचलं ते सांगतो. इंग्लंडात चिखल दिवसातून दोनदा उघडा पडतो, आमच्याकडं वर्षातून एकदाच. आणि आमची ओहोटी चंद्र ठरवत नाही, कालव्याचं आवर्तन ठरवतं.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, लोक दिवाळीपासूनच विचारायला लागतात. ‘आले का, आले का?’ अहो, धरण भरलेलं असताना ते येऊन उभे कुठं राहणार? त्यांना गुडघाभर पाणी लागतं. मान खाली घालून, चोच उलटी करून, चहा गाळावा तसं ते पाणी गाळून खातात. खोल पाण्यात हे जमत नाही. जानेवारीनंतर पाणी हटायला लागतं, गाळपेरीची रानं उघडी पडतात, तेव्हा काठाला उथळ पट्टा तयार होतो. त्या पट्ट्याबरोबर रोहित आत आत सरकत जातात. उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं आणि पेपरात ‘उजनी मायनसमध्ये’ छापून आलं की पुण्या-मुंबईच्या गाड्या सुरू. आमच्या शेतीच्या पाण्याची बोंब आणि पक्ष्यांची चंगळ एकाच महिन्यात येते. काय म्हणायचं याला?

म्हणून तुमच्या वहीत एक रकाना वाढवा. पक्ष्याशेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहा. नुसत्या तारखेला आमच्याकडं फारसा अर्थ नाही. पाणी जास्त राहिलं तर त्याच तारखेला एकही रोहित दिसणार नाही आणि लोक म्हणणार, पक्षी कमी झाले.

टॉवेलवाला (१० नोव्हेंबर)

ताई, सूर्य बरोबर तोंडावर होता. तुमचा प्रश्न वाचला तेव्हाच पोटात गोळा आला. बुधवारी परत जातो, दुपारून.

भीमाकाठ, रकाना आखला. हिप्परगा सध्या तुडुंब आहे, काठाला चिखल म्हणून नाही. आता कळलं की चिखलात चरणारे तुतवारं, शेकाटे का दिसत नव्हते. मी उगाच त्यांच्यावर रुसलो होतो.

टॉवेलवाला (१२ नोव्हेंबर, रात्री)

गेलो होतो. चारला पोचलो. ऊन पाठीवर. तेच पक्षी, जवळपास त्याच जागी. दुर्बीण लावली आणि लगेच खाली ठेवली, कारण शंकेला जागाच नव्हती. विटकरी. आमच्याकडं पूर्वी एक रंगारी होता, तो चादरीच्या काठाला असाच रंग काढायचा, ना भगवा ना तपकिरी. थोड्या वेळानं दोन उडाले आणि पंखावरचा पांढरा भाग सरळ डोळ्यांत भरला. ताई, तुमचं शंभर टक्के. चक्रवाक. पण आज २९ च होते. उरलेले आठ कुठं गेले कुणास ठाऊक.

साडेपाचनंतर ते एकमेकांना हाका मारायला लागले. चांगल्या कानामागं हात धरून ऐकलं. आई सांगायची, चक्रवाकाच्या जोडीची रात्री ताटातूट होते आणि ती दोन काठांवरून ओरडत राहतात. मी तर बघत होतो, दोघं शेजारीशेजारी उभी होती. भांडत असावीत.

वहीतलं ‘पट्टकदंब ३७’ एका रेघेनं खोडलं, खाली वाचता येईल असं. शेजारी लिहिलं, ‘सूर्य समोर, चूक, चक्रवाक असावेत’. किंग्ज लिनच्या म्हाताऱ्याच्या वहीतही अशा रेघा होत्या, तेव्हा मला तो गबाळा वाटला होता.

आणखी एक उद्योग करून आलो. तलावाजवळ चहाची टपरी आहे. तिथल्या मालकाला विचारून दुसरी एक वही खिळ्याला अडकवली, पेन टॉवेलच्या सुताला बांधलं म्हणजे कुणी खिशात घालून जाणार नाही. पाच रकाने आखले, पाचवा पाण्याचा. चहा संपेपर्यंत टपरीवरच्या पोरानं पहिली नोंद केलीसुद्धा. पक्षी: ‘बगळे’. किती: ‘लई’.

मी म्हटलं, अरे, आकडा लिही. तो कप तसाच ठेवून काठावर मोजायला गेला. अंधार पडला तरी परत आला नाही, मग मीच गाडी काढली. रविवारी जाऊन बघतो काय लिहिलंय ते.