सल्ला हवा: होमस्टेच्या राऊटरवर कोणते पोर्ट ठेवावेत, कोणते बंद करावेत?

तारकर्ली_किनारा
नमस्कार मंडळी. तारकर्लीला सहा खोल्यांचं होमस्टे आहे. फायबर कनेक्शन, स्टॅटिक आयपी. राऊटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून येणारी जोडणी आतल्या यंत्राकडे वळवायच्या) पानावर सध्या ८०, ५५४ आणि ८००० हे तीन डीव्हीआरकडे (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) वळवलेत, ३३८९ ऑफिसच्या पीसीकडे (विंडोज १० प्रो, त्यावर टॅली). यूपीएनपी चालू आहे. पाहुण्यांचं वायफायही याच राऊटरवर. मुंबईहून कॅमेरे आणि हिशेब दोन्ही बघावं लागतं. काय ठेवू, काय काढू? ३३८९ चा ३३८९० केला की झालं, असं एकाने सुचवलंय. खर्च पाच हजारांच्या आत हवा.

कुडाळ_नेटवर्क
चारही नियम आजच काढा आणि यूपीएनपी बंद करा. ते चालू राहिलं तर डीव्हीआर राऊटरला सांगून पोर्ट परस्पर उघडून घेतो, आणि आपण मात्र बंद केल्याच्या भ्रमात राहतो. म्हणून डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमधूनही यूपीएनपी काढायचं.

३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप. त्यावर बॉट रात्रंदिवस पासवर्ड लावून बघत असतात. एकदा आत शिरले की फाइली एन्क्रिप्ट करतात आणि पैसे मागतात. नंबर बदलून फक्त लॉगमधली गर्दी थोडी कमी होते. २०१३ मध्ये आलेलं झेडमॅप हे स्कॅनर एका गिगाबिट लाईनवरून अख्खं आयपीव्ही४ (नेहमीचे सगळे सार्वजनिक आयपी पत्ते) एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत चाळतं. शिवाय स्कॅनर नुसत्या नंबरावर जात नाही, पलीकडून येणाऱ्या उत्तरावरून कुठली सेवा आहे ते ओळखतो.

८० + ५५४ + ८००० हे तीन बघता डीव्हीआर हिकव्हिजनचा किंवा त्याच घडणीचा असावा. ८००० अ‍ॅपसाठी, ५५४ व्हिडिओसाठी, ८० वेबपानासाठी. २०२१ ची सीव्हीई-२०२१-३६२६० ही त्यांच्या अनेक उपकरणांतली त्रुटी वेबपानातूनच वापरता यायची, तीही लॉगिन न करता. फर्मवेअर (डीव्हीआरमधलं सॉफ्टवेअर) नवं करा, पण नवं केलं म्हणून पोर्ट परत उघडू नका.

टॅली डीफॉल्टने ९००० वर ऐकते. तोही बाहेर कधीच नको.

देवगड_सिसॅडमिन
पोर्ट बंद करण्याआधी पीसी अजून आपल्याच ताब्यात आहे ना, ते बघा. हे बहुतेक जण विसरतात. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिक्युरिटी. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. ३३८९ उघडा असेल तर याचा ढीग दिसणारच, त्याने घाबरू नका. शोधायचं ते ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन, आणि त्यात लॉगऑन टाइप १० (रिमोट डेस्कटॉपवरून झालेलं). तिथला आयपी तुमचा नसेल, किंवा वेळ तुम्ही झोपलेले असतानाची असेल, तर केबल काढा. मग पोर्ट बंद करून भागत नाही. टॅलीचा डेटा बाहेर काढून विंडोज नव्याने टाका आणि त्या पीसीवरून वापरलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. बँकेच्या खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन).

सिक्युरिटी लॉग भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. मारा जोरात असेल तर मागचं काहीच हाती लागत नाही. लॉगचा आकार वाढवून ठेवा.

आणखी एक, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ वर जा.

रत्नागिरी_लॅन
मुंबईहून बघायचं तर वायरगार्ड व्हीपीएन (बाहेरून होमस्टेच्या नेटवर्कपर्यंतचा एन्क्रिप्टेड बोगदा). बाहेरून फक्त यूडीपी ५१८२० उघडा राहतो, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅनमध्ये दिसत नाही. वायरगार्ड राऊटरवरच चालवा. पीसीवर ठेवलात तर वीज गेली-आली की पीसी बंदच राहतो आणि तुम्ही मुंबईत अडकता. (तसंही पीसीच्या बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय लावून ठेवा.) मायक्रोटिकचा राऊटरओएस ७ वाला किंवा ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राऊटर या बजेटमध्ये बसतो. मायक्रोटिक घेतलात तर त्याचा स्वतःचा ८२९१ (राऊटर सांभाळायचा विनबॉक्सचा पोर्ट) बाहेरच्या बाजूने बंद आहे ना ते तपासा, २०१८ मध्ये त्यातूनच भरपूर राऊटर हातचे गेले.

इथे हमखास अडतं ते असं:

होमस्टे आणि मुंबईचं घर, दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर बोगदा जोडला जातो पण डीव्हीआर उघडत नाही, कारण लॅपटॉप तो पत्ता घरातच शोधतो. होमस्टेचं नेटवर्क १९२.१६८.४७ असं काहीतरी वेगळं करा. डीव्हीआरला हाताने दिलेला आयपी आणि गेटवेही त्याबरोबर बदलायचा, नाहीतर तो हरवतो.

कंपनीचा ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडतो तो डबा) ब्रिज मोडमध्ये (स्वतः राऊटरचं काम न करता जोडणी नुसती पुढे देणारा) नसेल तर ५१८२० आधी ओएनटीवरून तुमच्या राऊटरकडे वळवावा लागेल.

मोबाइलवर पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, म्हणजे जोडणी जिवंत राहते.

शेवटी पीसीच्या फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या नियमाच्या स्कोपमध्ये फक्त व्हीपीएनची रेंज टाका.

कुडाळ_नेटवर्क
पाहुण्यांच्या वायफायबद्दल राहिलं. गेस्ट नेटवर्क वेगळं करा आणि क्लायंट आयसोलेशन (पाहुण्यांची यंत्रं एकमेकांना दिसू न देणारं) चालू ठेवा. पाहुण्याच्या लॅपटॉपला तुमच्या पीसीचा ४४५ (फाइल शेअरिंगचा) आणि प्रिंटरचा ९१०० दिसताच कामा नये. मे २०१७ चा वॉनाक्राय (फाइली एन्क्रिप्ट करून पैसे मागणारा) ४४५ वरूनच पसरला, आणि त्यातलं छिद्र बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. पुढच्याच महिन्यात तसाच नॉटपेट्या आला. त्यात उरणच्या जेएनपीटीतल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. तोही आतल्या आत ४४५ वापरत फिरला. विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १.० (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) ची खूण काढा. जुना स्कॅनर फोल्डरमध्ये फाइल टाकेनासा झाला तर कारण हेच. त्यासाठी खूण परत लावू नका, स्कॅन यूएसबीने घ्या.

तारकर्ली_किनारा
नियम काढले, ४६२४ मध्ये परका आयपी नाही. बाहेरून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारा स्कॅनर) लावला तर टीसीपी ७५४७ ओपन दाखवतो. हा मी उघडलेला नाही!

देवगड_सिसॅडमिन
स्कॅन मोबाइल डेटावरून केलात ना? होमस्टेच्याच वायफायवरून स्वतःच्याच सार्वजनिक आयपीवर लावलेला स्कॅन फसवा असतो. डेटावरूनच असेल, तर ७५४७ हा टीआर-०६९ चा, इंटरनेट कंपनी याच्यावरून ओएनटी दुरून सांभाळते. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराय या राऊटर-कॅमेऱ्यांना लागणाऱ्या व्हायरसच्या एका प्रकाराने हाच पोर्ट ठोकला आणि जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट कोलमडलं. तुमच्या लॉगिनमधून तो बहुधा बंद होणार नाही. कंपनीला लेखी तक्रार द्या, शब्द असे: "७५४७ फक्त तुमच्या एसीएस सर्व्हरच्या आयपीपुरता मर्यादित करा." नाहीतर ओएनटी ब्रिज मोडमध्ये मागा, म्हणजे सार्वजनिक आयपी तुमच्या राऊटरवर येईल.

एनमॅपमध्ये 'क्लोज्ड' म्हणजे उपकरणाने नकार कळवला, 'फिल्टर्ड' म्हणजे उत्तरच आलं नाही. तुम्हाला सगळीकडे फिल्टर्ड दिसायला हवं. आयपीव्ही६ चालू असेल तर त्या पत्त्यावर वेगळा स्कॅन लावा, कारण तिथे एनएटी (एका सार्वजनिक आयपीमागे आतली यंत्रं झाकणारी सोय) आड येत नाही.

रत्नागिरी_लॅन
आणि जूनमध्ये विजेने ओएनटी किंवा राऊटर गेला, माणूस नवा लावून गेला, की यूपीएनपी आणि डीफॉल्ट पासवर्ड परत आलेले असतात. राऊटरच्या सेटिंगचा बॅकअप पेन ड्राइव्हवर ठेवा. नवं यंत्र बसलं की त्याच दिवशी हाच स्कॅन पुन्हा.