गोदीतले फोटो मुंबईला द्यावेत की धुळ्यातच ठेवावेत?

पांझराकाठ: राम राम मंडळी. आजोबा शिरपूर तालुक्यातले, पण सगळी नोकरी मुंबईत, माझगावच्या गोदीत. आधी रिव्हेटवर, मग वेल्डिंगवर. आता त्यांच्या पत्र्याच्या पेटीत साठेक फोटो सापडलेत. बांबूच्या परांच्यांत उभं जहाज, हार घातलेलं त्याचं नाक, दुपारच्या सुट्टीत डबे उघडून बसलेली टोळी. वडील म्हणतात, मुंबईतल्या एखाद्या संग्रहालयाला देऊन टाक. मला ते धुळ्यात हवेत, राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी. खान्देशात समुद्र नाही हे मलाही कळतं. पण जहाजं बांधायला इथून माणसं गेली, त्याचा दुसरा पुरावा आमच्या घरात तरी नाही.

भुसावळ_यार्ड: मुंबईलाच द्या. जहाजांवर काम करणारा अभ्यासक मुंबईत शोधेल, धुळ्यात कशाला येईल? शिवाय आपला मे महिना. 45 अंशांत पत्र्याच्या पेटीतला फोटो पापडासारखा वळतो.

शेवभाजी_झणझणीत: भो, आधी स्कॅन तर करून घे. मग भांडू बठ्ठे.

तापीचं_पाणी: मला फोटोंचं हे कौतुकच जास्त वाटतं. मुंबईच्या जहाजबांधणीचा बहर कॅमेऱ्याच्या आधीचा. लवजी नुसरवानजी वाडिया सुरतेहून आले 1736 मध्ये. 'कॉर्नवॉलिस' मुंबईत बांधलं 1813 साली. 1842 चा इंग्रज-चीन यांच्यातला नानकिंगचा तह त्याच जहाजावर झाला. 'त्रिंकोमाली' 1817 चं, सागवानी, आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. छायाचित्रण जगासमोर आलं 1839 मध्ये. म्हणजे यांच्या बांधणीचा एकही फोटो असणं शक्य नाही, तरी इतिहास राहिलाच ना? आराखड्यांत, हिशेबांत, खुद्द जहाजात. फोटोत नारळ फोडणारा साहेब दिसतो, फळीला फळी कशी सांधली ते दिसत नाही. एवढी हौस असेल तर नंदुरबारकडे नर्मदेवर चालणाऱ्या डुंग्यांची नोंद करा. त्या बनवणारी माणसं अजून आहेत, त्यांना विचारता तरी येईल.

पांझराकाठ: 'त्रिंकोमाली' टिकलं म्हणून हे बोलता येतंय. 'विक्रांत'चं काय झालं? 1997 मध्ये निवृत्त, मग काही वर्षं मुंबईत संग्रहालय, आणि 2014 मध्ये भंगारात. ती जुनी 'विक्रांत' आता फोटोतच बघायची.

साहेबाचं मात्र खरं आहे. 14 मार्च 1948 ला विशाखापट्टणमला 'जलउषा' नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं, हे कुठेही वाचायला मिळतं. तिचे रिव्हेट कोणी ठोकले, ते शोधून दाखवा. म्हणून तर मला ही पेटी मोलाची वाटते. डबे खाणाऱ्या टोळीच्या फोटोमागे आजोबांनी निळ्या शाईत आठ नावं लिहिलीत. चारांपुढे गावंसुद्धा, आणि ती चारही आपल्याकडची.

भुसावळ_यार्ड: हे आधी सांगायचं ना! मग मागची बाजूही स्कॅन करा, लोक तीच विसरतात. चिकट पानांच्या अल्बममध्ये काही असतील तर ओढून काढू नका, चित्र पानालाच राहतं. नवीन काही लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेन नको. मूळ फोटो मात्र मुंबईलाच, मी मत बदललेलं नाही.

गिरणाकाठचा: का बरं? केकी मूस चाळीसगावच्या घरातून वर्षानुवर्षं बाहेर पडले नाहीत. त्यांचे फोटो आजही चाळीसगावातच आहेत, बघायला लोक लांबून येतात. आमच्याकडे काय उन्हाळा नसतो?

भुसावळ_यार्ड: केकी मूस एकच होते हो. साठ फोटोंच्या पेटीसाठी कोण गाडीतून उतरणार?

पांझराकाठ: त्या चार गावांतली माणसं उतरतील की. धुळ्याला ती तशीही येतात, बाजाराला नाहीतर कोर्टात. रविवारी आजीला फोटो दाखवणार आहे. आठातले तिघे घरी जेवायला यायचे म्हणते. एक नाव पुसट झालंय, ते तिला आठवलं तर बरं.

तापीचं_पाणी: आजीला आणखी एक विचार. शिरपूरकडून नरडाण्याला गाडी पकडायची तर मधे तापी. आजोबा पूल होण्याआधी गेले असतील, तर पहिल्यांदा नावेतूनच गेले असणार. नाव कोणाची होती, नावाडी कुठला? तेही पेन्सिलने लिहून ठेव.