मदत हवी आहे: 'सोप्रानोज'च्या शेवटावरून दाजींशी पैज लागलीय, निकाल कोणत्या नियमानं लावायचा?

ज्यांनी 'द सोप्रानोज' ही माफिया टोळीवरची अमेरिकन मालिका अजून बघितली नाही आणि बघायची आहे, त्यांनी इथूनच मागं फिरा. पुढं सगळा शेवट फोडलाय.

प्रकरण असं. यंदाच्या पावसाळ्यात आमच्या घरी रोज जेवणं झाली की दोन भाग बघायचे असा नेम झाला. मी, दाजी, आणि लसूण सोलत बसलेली आई. ताई पहिल्याच आठवड्यात "कसली ती शिवीगाळ" म्हणून आत झोपायला गेली. सहा सीझन, ८६ भाग. पैज तिसऱ्या सीझनमध्येच लागली. मी म्हणालो, हा टोनी, म्हणजे टोळीचा म्होरक्या, शेवटी मरतोय. दाजी म्हणाले, "हिरो हाय त्यो. मरतोय कशाला? लाव पैज." हरणाऱ्यानं रविवारी घरादाराला मटणाचं ताट द्यायचं, तांबडा-पांढरा लागेल तेवढा.

गेल्या गुरुवारी शेवटचा भाग लागला. हॉटेलात टोनी बसलाय. बायको आली, पोरगा आला, कांद्याच्या तळलेल्या रिंगा आल्या. पोरगी बाहेर गाडी लावतीय, लावतीय, लावतीय. ती एकदाची उतरून पळत दाराकडं आली, दाराची घंटी वाजली, टोनीनं मान वर केली आणि स्क्रीन काळी. चालू गाणं पण मधेच तुटलं.

आई म्हणाली, "लाईट गेली." डोक्यावर पंखा गरगर फिरत होता तरी म्हणाली. दाजी उठून टीव्हीमागची वायर हलवून आले, मी राऊटरचे दिवे बघून आलो. तोवर नावं सरकायला लागली. नंतर वाचलं तर २००७ च्या १० जूनला अमेरिकेत हा भाग लागला, तेव्हा तिथल्याही बऱ्याच जणांना केबलच गेली असं वाटलं होतं. म्हटलं चला, आपणच खुळे नाही.

तर टोनी मेला असं माझं म्हणणं. कारण सांगतो. माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं की गिऱ्हाईक आलेलं कळत नाही, म्हणून आईनं काचेच्या दाराला घुंगरं बांधलीत. घुंगरू वाजलं की मान आपोआप वर. आधी माझं तोंड वर होतं, मग मला माणूस दिसतो. त्या हॉटेलातलं सगळं असंच बांधलंय. घंटी वाजते, टोनीचा चेहरा दिसतो, आणि मग टोनीला जे दिसलं ते आपल्याला दाखवतात. शेवटच्या वेळी घंटी वाजली, चेहरा दिसला, आणि नंतर काळं. म्हणजे टोनीला काळंच दिसलं. यापेक्षा सरळ काय सांगणार?

दाजी तालमीत वाढलेले. त्यांचं एकच, "पाठ टेकल्याशिवाय कुस्ती निकाली न्हाई. टोनीची पाठ टेकलेली मला दाव, आत्ता मटण घालतो." शिवाय विचारतात, मारणार कोण? न्यूयॉर्कच्या टोळीचा म्होरक्या फिल, टोनीचा वैरी, त्याच भागात पेट्रोल पंपावर मेला, बाकी न्यूयॉर्कवाल्यांशी समेट झालाय. फार तर टोनीच्या टोळीतला कार्लो फुटून पोलिसांना मिळालाय म्हणून खटला चालेल, टोनी जेलात जाईल. जेलात गेलेला माणूस मेलेला नसतो.

माझा प्रश्न शेवटाचा अर्थ काय हा नाही, त्यावर लोकांनी ढीगभर लिहून ठेवलंय. प्रश्न असा, की पैज "मरतो की नाही" अशी होती आणि दाखवलंय यातलं काहीच नाही, तर निकाल लावायचा कसा? आणि दुसरी अडचण, दाजी म्हणजे घरचे जावई. जिंकलो तरी त्यांच्या खिशातून मटण काढायचं कसं? रविवारच्या आत सांगा.

गंगावेशकर
भावा, मेन पुरावाच सोडलास की! सहाव्या सीझनचा उत्तरार्ध जिथून सुरू होतो तिथं टोनी आणि त्याच्याच टोळीतला बॉबी तळ्यात होडीत बसलेत. तिथं बॉबी म्हणतो की मरायची वेळ येते तेव्हा बहुतेक आपल्याला आवाजसुद्धा येत नसेल. शेवटून दुसऱ्या भागात बॉबी मेल्यावर टोनी बंदूक उराशी धरून पडलाय, तिथं हेच बोलणं त्याला परत आठवतं. शेवटाच्या एक भाग आधी उगाच आठवण करून देतील होय? दाजींना तेवढं बघायला लाव. मटण वसूल.

मातीतला पंच
मी दाजींकडून. होडीतलं बोलणं म्हणजे साक्षीदाराचं बोलणं, पाठ टेकलेली नव्हे. खासबागेच्या कुस्ती मैदानात कुणी पंच "याला आता चीत व्हायचंच होतं" म्हणून हात वर करत नाही. वेळ संपली आणि दोघंही उभे असतील तर कुस्ती बरोबरीत सुटते, इनाम निम्मं-निम्मं. मटण एकानं, भाकरी, सोलकढी आणि पान दुसऱ्यानं. विषय संपला.

मातीतला पंच
सोलकढी चुकून लिहिली. कोकणातली बायको. रस्सा असताना सोलकढी कशाला, असं समजून वाचा.

सदरबाजारची
मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, म्हणून एक तांत्रिक मुद्दा. लग्नाची फिल्म संपवताना आम्ही चित्र हळूहळू काळं करत नेतो आणि सनई हळूहळू बारीक करतो. बघणाऱ्याला कळतं, संपलं. इथं तसं केलेलं नाही. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमला तोडलेत, गाण्याच्या शब्दावर, आणि पुढं दहाएक सेकंद काळं आणि मुकं ठेवलंय. माझ्याकडून असं झालं तर नवरीचे वडील पैसे देणार नाहीत. हा भाग मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस यानं स्वतः लिहिलाय आणि दिग्दर्शनही त्याचंच आहे, तेव्हा चुकून झालंय म्हणायला जागा नाही. आता कुणाचा तरी जीव एका फ्रेममध्ये तोडल्यासारखं मला दिसतं. पण तो जीव टोनीचा की आपला, म्हणजे बघणाऱ्याचा, तिथं मी अडते. आपल्यालाच हॉटेलातून बाहेर काढलं असंही म्हणता येतं. त्याचं जेवण मागं चालूच असेल.

आणि तो 'मेंबर्स ओन्ली' जाकीटवाला विसरू नका. टोनीच्या पोराच्या पुढं आत येतो, काउंटरवर बसून सारखा टेबलाकडं बघतो आणि टोनीच्या बाजूनं संडासात जातो. 'गॉडफादर' सिनेमात पिस्तूल संडासातूनच बाहेर येतं, ते सगळ्यांना पाठ आहे. सहाव्या सीझनच्या पहिल्या भागाचं नावही 'मेंबर्स ओन्ली'च आहे.

गंगावेशकर
ताई, "जेवण मागं चालूच असेल" हे वाचून आता मीच गोंधळलो. मी तुमच्याकडं मत मागायला आलो नव्हतो हो.

उभा मारुतीजवळ
लेखकालाच विचारा की, असं कुणी म्हणायच्या आत सांगतो. विचारून झालंय. सुरुवातीला चेस म्हणाला, जे आहे ते सगळं पडद्यावर आहे, मी समजावून सांगणार नाही. बऱ्याच वर्षांनी मुलाखतीत बोलला की आधी त्याच्या डोक्यात वेगळाच शेवट होता: टोनी लिंकन बोगद्यातून मॅनहॅटनला एका बैठकीला जातो आणि तिथं त्याचा घात होतो. म्हणजे मारायचं त्याच्या मनात होतं. पण जे मनात होतं ते त्यानं चित्रित केलं नाही, हे पण तितकंच खरं. पैज चित्रित झालेल्यावर लागली असेल तर माझं मत बरोबरी. आणि टोनीचं काम करणारा जेम्स गँडोल्फिनी २०१३ मध्येच गेला, त्यामुळं पुढचा सीझन येऊन भांडण मिटेल ही आशा पण सोडा.

जाता जाता, न्यूजर्सीतल्या ब्लूमफिल्डमधलं ते हॉटेल खरंखुरं आहे, होल्स्टन्स. ज्या टेबलाशी टोनी बसला होता ते बाकांसकट २०२४ मध्ये लिलावात ८२,६०० डॉलरला गेलं. अडुसष्ट लाखांच्या आसपास. कांद्याच्या रिंगा वेगळ्या.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. काल रात्री दाजींना होडीचा प्रसंग परत लावून दाखवला. गप्प बघितला. मग म्हणाले, "बॉबी 'बहुतेक' म्हणतोय." त्यांनी कोर्टात नोकरी करायला पाहिजे होती.

सदरबाजारची यांचा मुद्दाही वाचून दाखवला. चित्र तोडलं ते आपल्यासाठी, हे ऐकून दाजी खूश. मला मात्र तो पटलेला नाही. जेवण मागं चालू असतं तर घंटीनंतर पोरगी दिसली असती. इतक्या वेळा घंटीनंतर आत येणारा दिसायचा तो या वेळी दिसला नाही, मी अजून तिथंच आहे.

निकाल पंचांचा घेतला, बरोबरी. पण जावयाला निम्मं बिल सांगायला आई तयार होईना. शेवटी तिनंच तोडगा काढला. मटण माझं, आणि दाजींनी रविवारी सकाळी सातला दुकानापुढं नंबर लावून उभं राहायचं. नऊच्या पुढं चांगला पीस राहत नाही हे इथं सांगायला नको. दाजी सात म्हटल्यावर जरा दचकले, पण पैसे वाचतायत म्हणून कबूल.

म्हणजे हिशेबानं मीच हरलो, हे मला आत्ता लिहिता लिहिता कळतंय.

धागा तरी बंद करत नाही, कारण आईचा एक प्रश्न शिल्लक आहे. तिला टोनीचं काही पडलेलं नाही. ती दोन दिवस विचारतीय, पोरीनं इतका वेळ मागंपुढं करून गाडी लावली ती शेवटी नीट लागली होती का, का चाक फूटपाथवरच राहिलं? मी तो प्रसंग तीनदा बघितला, तिचं समाधान होत नाही. मोठ्या टीव्हीवर कुणी बघितलं असेल तर सांगा.