बीपीच्या गोळ्या चालू, फास्टिंग ११२. शुगर नाही असं धरायचं का?

ऐरोलीकर_८
आई, वय ५४, सहा वर्षांपासून बीपी. रोज टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५. कंबर ९४ सेंमी, घरकामापलीकडे व्यायाम नाही, तिच्या आईला म्हणजे आजीला शुगर होती. गेल्या आठवड्यात लॅबवाले घरी येऊन रक्त घेऊन गेले. फास्टिंग ११२, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.०, हिमोग्लोबिन ९.४. रात्री दोन-तीनदा लघवीला उठते, पण ते पाण्याच्या गोळीमुळे (क्लोरथॅलिडोन, लघवी वाढवते) असं सगळे म्हणतात. तहान नाही, वजनही घटलेलं नाही. आणखी काही तपासायला हवं का?

रक्तपेढी_नौपाडा
हवंच. आधी सांगा, नळीचं झाकण कुठल्या रंगाचं होतं? रक्त काढल्यावरही नळीतल्या पेशी साखर खातच राहतात. साध्या नळीत, सेंट्रिफ्यूज न करता (यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न करता) ठेवलं तर ताशी साधारण ५ ते ७ टक्के साखर उतरते. सकाळी ७ ला ऐरोलीत घेतलेलं रक्त बाकीची घरं करत १० ला ठाण्याच्या लॅबमध्ये पोचलं, तर मूळचे १३० रिपोर्टात ११२ होऊन उतरू शकतात. राखाडी झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं, ते ही घट रोखते. पण त्याचा पूर्ण असर व्हायला एक-दोन तास जातात. म्हणून शुगरच्या निदानासाठी स्वतः लॅबमध्ये जाऊन रक्त द्या, आणि तिथेच मशीन आहे का हे आधी विचारून घ्या.

फिजिशियन_वाशी
एचबीएवनसीचंही तेच, फक्त उलट दिशेने. लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच वर सरकतो. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) असेल तर तो कुठेही सरकू शकतो. म्हणजे आईंचा एक आकडा कदाचित खाली झुकलेला, दुसरा कदाचित वर. दोन्हींच्या भरवशावर काही ठरवू नका. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची टॉलरन्स टेस्ट करा, म्हणजे उपाशीपोटी आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर बघायची. आपल्याकडे बऱ्याच जणांची जेवणानंतरची साखर आधी बिघडते, फास्टिंग मागून. बीपीच्या पेशंटची नुसती फास्टिंग बघून फाइल बंद करणं हीच मुख्य चूक आहे.

फास्टिंग १२६ किंवा दोन तासांनी २०० म्हणजे मधुमेह. दोन तासांची १४० ते १९९ आली तर प्रीडायबिटीस, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. लक्षणं नसताना एकच आकडा हद्द ओलांडत असेल तर दुसऱ्या दिवशी टेस्ट पुन्हा करून खात्री करतात.

लघवीचं खापर गोळीवर फोडून मोकळे होऊ नका. साखर साधारण १८० च्या पुढे गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढते. पाण्याच्या गोळीमागे हे लक्षण वर्षानुवर्षं लपून राहतं. क्लोरथॅलिडोनने साखर थोडी वाढते हे खरं, पोटॅशियम उतरलं तर जास्तच. पोटॅशियम तपासा, पण गोळी मनाने बंद करू नका.

आरोग्यसेविका_घणसोली
इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर (मधुमेहाच्या धोक्याचे गुण) लावून बघा. वय ५० च्या पुढे ३०, बाईची कंबर ९० किंवा जास्त २०, व्यायाम नाही ३०, आई-वडिलांपैकी एकाला शुगर १०. झाले ९०, आणि ६० पासूनच धोका जास्त धरतात. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांचं बीपी आणि बोटाची शुगर मोफत बघतात. पण बोटावरची शुगर ही चाळणी आहे, निदान नाही. आणि फळ कापलेल्या हाताने टोचून घेतलं तर आकडा भलताच येतो, हात धुऊन कोरडे करूनच बसा.

ऐरोलीकर_८
झाकण लाल होतं. टेस्टसाठी घरातली लिंबाच्या चवीची ग्लुकोज पावडर नेली तर चालेल का?

रक्तपेढी_नौपाडा
लाल म्हणजे फ्लोराइड नसलेली नळी, तेव्हा ते ११२ विसरा. चवीच्या पावडरीत इतर साखर आणि आम्ल असतं, ग्लुकोज नेमकं किती ते कळत नाही. साधी घ्या आणि पाकीट वाचा: डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट असेल तर ७५ नाही, ८२.५ ग्रॅम लागते, कारण त्यात पाण्याचा वाटा असतो. २५० ते ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायची. दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे. तेवढा वेळ बसून राहायचं, जिने चढणं नाही, चहा नाही, तंबाखू-मिश्री नाही.

आदले तीन दिवस नेहमीसारखं भात-पोळी खाऊ द्या. नवरात्राच्या उपासानंतर लगेच टेस्ट केली तर आकडा उगाच वर येतो. आदल्या रात्रीपासून ८ ते १० तास उपाशी. बीपीची गोळी सकाळी साध्या पाण्याबरोबर, डॉक्टरांना विचारून.

फिजिशियन_वाशी
मधुमेह निघालाच तर त्याच आठवड्यात डोळ्यांत औषध घालून पडदा तपासून घ्या, आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (मूत्रपिंडातून प्रथिन गळतंय का ते दाखवतं) काढा. ३० किंवा पुढे आलं तर ते पुन्हा तपासायचं, कारण ताप किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानेही ते वाढतं. बीपी १३०/८० च्या खाली ठेवायचं असतं. टेल्मिसार्टन चालू आहे ते बरंच आहे, मूत्रपिंडाला त्याचा आधार होतो. ग्लुकोज पिऊन उलटी झाली तर ती टेस्ट बाद, दुसऱ्या दिवशी नव्याने करायची.